कणा सरळ करण्याआधी

आपल्या भाषेत ताठ कणा म्हणजे स्वाभिमान. वाकलेल्या पाठीकडे पाहताना ती सरळ व्हावी एवढीच इच्छा मनात येते, आणि ही इच्छा फार जुनी आहे. भागवतात कृष्ण कुब्जेची पावले आपल्या पायांनी दाबून धरतो, बोटांनी हनुवटी वर उचलतो आणि ती सरळ उभी राहते. हिपोक्रेटिसच्या काळी ग्रीक वैद्य रुग्णाला शिडीला बांधून ती शिडी आपटत. दोन्हीकडे कल्पना एकच: वाकडे झाले ते ताणले की सरळ होते. कण्याच्या बाकाची, म्हणजे स्कोलिओसिसची, शस्त्रक्रिया विसाव्या शतकात बरीच पुढे गेली, पण या कल्पनेपासून सुटायला तिला वेळ लागला. ती सुटका मज्जारज्जूतच जन्मजात दोष असलेल्या मुलांमुळे झाली, असे माझे मत आहे.

टेक्सासच्या पॉल हॅरिंग्टन यांनी १९६२ साली आपल्या धातूच्या सळीच्या पद्धतीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. बाकाच्या आतल्या बाजूला, वर आणि खाली आकडे अडकवायचे आणि सळीवर ते एकेक खाच दूर सारायचे. त्यांचे सुरुवातीचे बरेच रुग्ण पोलिओचे होते. पोलिओत स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी मरतात, पण मज्जारज्जू कुठे बांधलेला नसतो. जन्मजात दोषात नेमके उलटे असते. गर्भाच्या पहिल्या काही आठवड्यांत मणके आणि मज्जारज्जू शेजारी शेजारी घडतात, त्यामुळे एकात चूक झाली की दुसऱ्यातही होण्याचा संभव असतो. पुढे कणा मज्जारज्जूपेक्षा वेगाने वाढतो आणि रज्जूचे टोक वर सरकत कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी येऊन थांबते. मधे हाडाचा सुळका असला, रज्जू दुभंगलेला असला किंवा खालचा तंतू जाड होऊन चिकटलेला असला, तर त्याला वर सरकता येत नाही. तो आधीच ताणलेला असतो, आणि सळी त्याला आणखी ताणते. स्कोलिओसिस शस्त्रक्रियेनंतर एकाएकी मज्जारज्जूला इजा होण्याचे प्रमाण तेव्हाही शेकडा एकाहून कमी होते. पण चालत आलेल्या मुलाचे पाय गेले, तर ते शेकड्यात मोजायचे दुःख नव्हे. फ्रान्समध्ये स्टान्यारा आणि सहकाऱ्यांनी १९७३ साली रुग्णाला शस्त्रक्रियेच्या मधेच जागे करून पाय हलवायला सांगण्याची चाचणी मांडली. आज भूल चालू असतानाच विजेच्या संकेतांनी रज्जूवर नजर ठेवता येते. पण दोन्ही गोष्टी इजा होऊ लागल्यावर ओरडतात. धोका आधी कळला तो एमआरआयमुळे. जन्मजात मणकेदोष असलेल्या साधारण तिघांतल्या एका मुलात रज्जूचाही दोष असतो, हे त्यातून उघड झाले.

त्यावरून नियम घडला: आधी रज्जू मोकळा करा, मग कणा सरळ करा. न्यूरोसर्जन पँग यांनी १९९२ साली दुभंगलेल्या रज्जूचे दोन प्रकार स्पष्ट केले. पहिल्यात मधे हाड आणि दोन वेगळी आवरणे असतात, दुसऱ्यात एकाच आवरणात दोन अर्धे असतात. या भेदाने तो सरसकट नियमही डळमळला. गेल्या दोन दशकांत, विशेषतः चीनमधल्या रुग्णमालिकांत, दुसऱ्या प्रकारात आणि लक्षणे नसताना आधीची शस्त्रक्रिया न करताही कणा सुरक्षितपणे सुधारता आल्याचे दिसले. कियारी दोष, म्हणजे मेंदूचा तळाचा भाग कवटीतून खाली सरकणे, आणि रज्जूतली पोकळी असलेल्या लहान मुलांत तर कवटीच्या तळाशी जागा करून दिली की काही वेळा बाक वाढायचा थांबतो, क्वचित कमीही होतो. म्हणजे तिथे हाड रज्जूच्या मागे चालत होते! त्याहून विलक्षण म्हणजे मणक्याचा काही भाग काढून कणा आखूड करण्याची पद्धत. त्यात रज्जूवरचा ताण उलट सैल होतो. कुब्जेला वर उचलण्याच्या अगदी विरुद्ध दिशेची ही कल्पना आहे.

यावर आक्षेप येतात, आणि ते खरे आहेत. एक असा की सगळ्यांचा एमआरआय काढणे परवडत नाही. पुण्यात १८६७ पासूनचे ससून रुग्णालय आहे, डॉ. कांतिलाल संचेती यांनी १९६५ साली उभे केलेले अस्थिरुग्णालय आहे. पण गावाकडून आलेल्या कुटुंबाला तपासणीचा खर्च, मुक्काम आणि बुडालेली मजुरी यांचा हिशेब करावाच लागतो. म्हणून कुणाला तपासणी टाळून चालणार नाही, हे आधी ठरले पाहिजे. दहा वर्षांआधी दिसलेला बाक, छातीच्या भागात डावीकडे झुकलेला बाक, झपाट्याने वाढणारा किंवा दुखणारा बाक, आणि जन्मजात मणकेदोष असलेले प्रत्येक मूल. दुसरा आक्षेप असा की एवढी सावधगिरी बाळगली तर बाक उरतो. उरतो, आणि वाढत्या मुलीला तो आरशात दिसतो, हे दुःख क्षुल्लक मानणे क्रूरपणाचे आहे. तरीही किती अंश सरळ करायचे हे रज्जूने ठरवावे, क्ष-किरणाच्या चित्राने नव्हे. रज्जूला इजा होऊन लघवीवरचा ताबा एकदा गेला की तो परत येईलच असे नाही.

आणि या साऱ्याची सुरुवात महागडी नाही. कमरेपाशी केसांचा झुबका किंवा खळगा असतो, त्याला घरात जन्मखूण म्हणून सोडून दिलेले असते. एक पाऊल दुसऱ्यापेक्षा लहान असते, एकाच पायाची चप्पल लवकर झिजते, मोठे झाल्यावरही अंथरूण ओले होते. मुलाला उताणे झोपवून पोटावर दोन्ही बाजूंना बोथट टोक हलकेच ओढले आणि बेंबी एकाच बाजूला सरकली, तरी पुढची चिठ्ठी एमआरआयची लिहायला तेवढे पुरते.