न वाचलेल्या ग्रंथाचे ऋण

ग्रंथाची योग्यता त्याच्या वाचकांच्या संख्येवरून ठरवावी काय, हा प्रश्न वरवर पाहता व्यापाऱ्याचा वाटतो. परंतु तो वस्तुतः नीतीचा आहे. जे कोणी वाचीत नाही ते लिहिण्यात आयुष्य वेचणारा मनुष्य कर्तव्य करतो की हट्ट पुरवितो, आणि त्याच्या मागून येणाऱ्या आपणांवर त्याचे काही देणे लागते की नाही, असे या प्रश्नाचे दोन भाग पडतात. महाराष्ट्रात या प्रश्नाचे मूर्तिमंत रूप पाहावयाचे असेल तर दासोपंतांकडे वळले पाहिजे.

दासोपंतांचा जन्म 1551 सालचा व समाधी 1615 सालची. त्यांचे वडील दिगंबरपंत बेदरच्या अमलातील देशपांडे होते. वडिलांकडून वसूल थकला म्हणून बादशहाने या मुलास ओलीस ठेविले, आणि दत्तात्रेयाने पाडेवाराच्या रूपाने रक्कम भरून त्याची सुटका केली, अशी आख्यायिका आहे. ती खरी माना वा न माना, तिचा अर्थ स्पष्ट आहे. ज्याचे कर्ज देवाने फेडले त्याने पुढील सारे आयुष्य देवाच्या खाती जमा केले. अंबाजोगाईस राहून त्यांनी लिहिले ते किती? भगवद्गीतेवरील त्यांच्या ‘गीतार्णवा’च्या ओव्या परंपरा सव्वा लक्ष सांगते. गीतेचे श्लोक सातशे. म्हणजे एका श्लोकामागे सुमारे पावणेदोनशे ओव्या झाल्या. नित्य शंभर ओव्या वाचणाऱ्या गृहस्थास हा एक ग्रंथ संपविण्यास तीन वर्षे पाच महिने लागतील. याखेरीज ‘ग्रंथराज’ आहे, पदे आहेत, आणि सुमारे चाळीस फूट लांब व चार फूट रुंद कापडावर लिहिलेले पंचीकरण, म्हणजेच प्रसिद्ध ‘पासोडी’, आहे.

येथे कोणी म्हणेल की एवढा विस्तार हा वाचकावर अन्यायच नव्हे काय? ज्यास दुसऱ्याच्या वेळेची कदर नाही त्यास वाचक मिळाला नाही, तर दोष कोणाचा? हा आक्षेप हलका नाही. परंतु त्याच्या मुळाशी एक गृहीत आहे, ते असे की लेखन ही मागणीवरून पुरवावयाची वस्तू आहे. हे गृहीत मान्य केल्यास कवीचे काय होते, हे पाहण्यास दूरचे एक उदाहरण उपयोगी पडेल.

स्वीडन देशात सतराव्या शतकात लार्स योहान्सन नावाचा कवी होऊन गेला. त्याचा जन्म 1638 चा; लहानपणीच तो पोरका झाला. ‘लुसिदोर’ हे नाव घेऊन तो लिही व त्यास ‘दुर्दैवी’ असे विशेषण स्वतःच जोडी. स्टॉकहोम शहरात लग्नाची व मर्तिकाची कवने करून तो पोट भरीत असे. त्या काळी तिकडे अशा कवनांची चाल फार होती. मान्यवर घरातील विवाह अथवा अंत्यविधी छापील कवनावाचून शोभत नसे. मागणी होती, मोबदला होता, वाचकही होते. परंतु 1669 साली एका सरदारी विवाहासाठी केलेले त्याचे कवन त्या घरास अपमानकारक वाटले, आणि कवीला कारावास घडला. 1674 साली एका मद्यगृहातील भांडणात तो मारला गेला. विखुरलेली त्याची कवने एकत्र होऊन ग्रंथरूपाने निघण्यास 1689 साल उजाडले. ज्यांनी ती पैसे देऊन करविली त्यांचे प्रयोजन मांडव उतरताच संपले होते. तात्पर्य, ग्राहक लाभणे म्हणजे वाचक लाभणे नव्हे.

लुसिदोरास यजमान तरी होते. दासोपंतांस तेही नव्हते. त्यांनी कोणाच्या आज्ञेने लिहिले नाही, म्हणून कोणाच्या रोषाने थांबण्याचे कारणही त्यांस पडले नाही. त्यांचे लेखन ही साधना होती. आणि साधना म्हणून ती लिहिता लिहिताच सफल झाली. जपमाळ ओढणाऱ्यास आपण ‘ऐकतो कोण?’ असे विचारीत नाही. तथापि ग्रंथ ही केवळ जपमाळ नव्हे. ज्याने मराठीत लिहिले, अर्थ फोडून सांगितला, दृष्टान्त दिले, त्याने कोणी तरी समोर बसला आहे असे मानलेच होते. कवीपुरते कार्य पुरे झाले, पण ग्रंथापुरते ते अर्धेच राहिले. आणि उरलेले अर्धे वाचकाच्या हातचे आहे.

लोकस्मृती हे काम करील असे आपण मानतो. याच बीड जिल्ह्यात नारायणगड आहे. नगद नारायण महाराजांच्या परंपरेचे हे स्थान. भाविक त्यास धाकटी पंढरी म्हणतात. तेथे कीर्तनास बसलेला अक्षरशत्रू शेतकरीही अभंगाचा चरण बुवांच्या आधी पुरा करतो. हे मराठी कवितेचे भाग्यच होय. परंतु स्मृती हीही एक यजमानीणच आहे, आणि तिचीही अट कडक आहे. जे ओठात मावेल तेवढेच ती सांभाळते. अभंग मावतो, गीतार्णव मावत नाही. मावला नाही म्हणून तो असत्य ठरत नाही.

मग जे स्मृतीत मावत नाही ते कोणी सांभाळावे? याचे उत्तर दासोपंतांच्या समकालीनानेच आचरून दाखविले आहे. एकनाथांनी 1584 साली ज्ञानेश्वरीच्या पोथ्या मिळवून, ताडून, पाठ शुद्ध केला. स्वतः थोर कवी असता दुसऱ्याच्या ओव्यांतील चुका काढीत बसणे त्यांस कमीपणाचे वाटले नाही. ज्ञानेश्वरी आज घरोघरी आहे ती ज्ञानेश्वरांच्या प्रतिभेमुळे खरीच. परंतु या निरहंकार वाचकामुळेही आहे.

दासोपंतांस असा वाचक पुरता लाभला नाही. गीतार्णवाचा काही भाग छापला गेला. पण सुशिक्षितांच्या बोलण्यात त्यांचे नाव येते ते बहुधा सव्वा लक्ष या आकड्यासाठी व पासोडीच्या लांबीसाठी. आकड्याचे कौतुक हा न वाचण्याचा सभ्य प्रकार आहे. चाळीस फूट कापड पाहून आपण थक्क होतो व घरी परततो. त्यावर पंचमहाभूतांविषयी काय लिहिले आहे, हे विचारण्याचे आपणांस सुचत नाही.

प्रत्येक जुना ग्रंथ प्रत्येकाने समग्र वाचावा, असे कोणी म्हणणार नाही. आयुष्य तेवढे मोठे नाही. कदाचित वाचून पाहता दासोपंतांच्या पुष्कळ ओव्या आपणांस पाल्हाळिक वाटतील, आणि तसे म्हणण्याचा अधिकारही आपणांस आहे. परंतु तो अधिकार वाचल्यानंतरचा आहे, आधीचा नव्हे. न्यायाधीशाने साक्ष न ऐकता निकाल द्यावा हे जर आपणांस अधर्म वाटते, तर ज्याने चौसष्ट वर्षांच्या आयुष्याचा मोठा भाग आपल्या भाषेत साक्ष देण्यात घालविला त्याचे निदान एक प्रकरण तरी ऐकून घेणे, हे आपले देणे आहे.