जादाची गोळी

पावसाळ्यात सांगलीची माणसं भेटली की पहिला प्रश्न असतो, आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आलं? ४० फूट ही इशारा पातळी, ४५ ही धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा ५७ फुटांवर गेली. २००५ च्या पुराची खूण धरून घरात थांबलेल्यांना मग हाताला लागेल ते घेऊन निघावं लागलं. अशा घाईत आधारकार्ड आठवतं, दागिने आठवतात. बीपीची गोळी मात्र फ्रीजवरच्या डब्यात राहते. पेठेतच पाणी शिरलं की मेडिकलही बंद.

पण गोळी चुकायला महापूरच लागतो असं नाही. मिरजेच्या कुठल्याही दवाखान्याच्या व्हरांड्यात पाहा. जतहून, आटपाडीहून पेशंटला घेऊन आलेलं माणूस बाकावर बसलेलं असतं. ‘संध्याकाळी परत येतो’ म्हणून घरातून निघालेलं, आणि डॉक्टरांनी पेशंटला ठेवून घेतलेलं. पेशंटची औषधं नर्स वेळेवर देते. सोबत आलेल्या मावशींची स्वतःची शुगरची गोळी घरी राहिलेली असते आणि ते त्या कुणाला सांगतही नाहीत. आजारी माणसासमोर आपलं दुखणं कसं काढायचं, हा त्यांचा संकोच. मला या सोबतच्या माणसांची फार काळजी वाटते.

‘एक दिवस नाही घेतली तर काय होतंय?’ याचं उत्तर गोळीगणिक वेगळं. थायरॉईडचं औषध शरीरात बरेच दिवस टिकतं. एक दिवस चुकला तर सहसा जाणवतही नाही. फिट येऊ नये म्हणून घ्यायच्या गोळीचं तसं नाही, ती चुकली तर फिट येऊ शकते. रक्तदाबाची काही औषधं एकदम थांबली तर दाब उसळी मारतो. आणि राहिलेली गोळी भरून काढायला दुसऱ्या दिवशी मनानेच दोन घेणं, हे तर करूच नये. डॉक्टरांना किंवा निदान औषध दुकानदाराला विचारावं.

म्हणून तालुक्याच्या गावी जातानाही दोन दिवसांच्या गोळ्या पिशवीत असाव्यात. सुट्ट्या, कागदाच्या पुडीत नकोत. पट्टीचा नाव आणि मुदत छापलेला तुकडाच कापून ठेवावा, म्हणजे वेळ आली तर दुसऱ्यालाही वाचता येईल. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये असावा. उन्हात उभ्या गाडीत औषध ठेवू नये, इन्सुलिन तर नाहीच. महिन्याची नवी पट्टी आणली की पिशवीतल्या गोळ्या आधी घेऊन संपवाव्यात आणि नव्यातल्या दोन दिवसांच्या तिथे ठेवाव्यात.