पुण्याची वजावट

जामीन मिळाला म्हणजे माणूस निर्दोष सुटला असं होत नाही. तरी आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याला तो मिळताच हडपसरच्या गाडीतळाला फटाक्यांच्या माळा लागल्या आणि रात्रीतून फ्लेक्स उभा राहिला. त्यावरचा मजकूर वाचून संताप आला. मोफत काशी-उज्जैन यात्रा, वह्यावाटप, रक्तदान शिबिर, रुग्णवाहिका अशी कामांची यादीच छापली आहे. एकच गुंठा तिघांना विकल्याच्या त्यांच्यावरील तक्रारीबद्दल अवाक्षर नाही.

राजकारणातून अडकवलं, एजंटाने घोळ घातला, हेही कानावर आलं. ते कोर्ट बघेल. मला बोलायचं आहे ते चहाच्या टपरीपासून सोसायटीच्या ग्रुपपर्यंत सगळीकडे ऐकू आलेल्या एका वाक्याबद्दल: "पण त्यांनी लोकांसाठी केलंय किती!" हे म्हणणारा माणूस आरोप नाकारत नाही, हे लक्षात घ्या. तो वजावट मागतो आहे. मग ही वजावट नीट मांडूनच दाखवा. एका गुंठ्याला किती वह्या? शंभर पानी की दोनशे पानी? गावाकडची जमीन विकून, बायकोचे दागिने मोडून ज्याने साठेखत केलं, त्याच्या पैशांपोटी काशीच्या बसमधल्या किती जागा धरायच्या? त्या बसमध्ये त्याची आई बसली होती का? रक्त दिलं ते शिबिराला आलेल्या पोरांनी, मग त्या बाटल्या यांच्या नावावर कशा चढल्या? आणि तिघांना फसवून रुग्णवाहिका आणली, तर चौथ्याला फसवण्याइतकं पुण्य अजून शिल्लक आहे का, हेही एकदा सांगून टाका.

वजावटीची ही भाषा मला अधिकच बोचते, कारण मी ख्रिस्ती घरातला. आमच्या श्रद्धेचं जे मर्म आहे, तेच लोकांना सगळ्यात जास्त खटकतं. तारण कमावता येत नाही. वधस्तंभावर ख्रिस्ताने स्वतःचा जीव दिला, किंमत त्याने भरली, माणसाच्या हातून भरण्यासारखी ती नव्हतीच. "मग काय, करा पापं, तो बसलाय भरायला," असं मित्र म्हणतात. प्रेषित पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात या आक्षेपाला केव्हाच उत्तर दिलं आहे. मला त्यातली दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. तारण फुकट मिळालेलं असेल, तर देवापुढे किंवा माणसापुढे आपल्या सत्कृत्यांची यादी ठेवून सूट मागण्याचा हक्क कुणालाच उरत नाही.

हे पंडिता रमाबाईंइतकं खोलवर फार थोड्यांना कळलं असेल. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे लबाड नव्हते. लोकांचा रोष पत्करून बायकोला संस्कृत शिकवणारा तो माणूस. तीर्थयात्रा, दानधर्म, उपास यांत होतं नव्हतं ते सगळं त्यांनी पुण्यासाठी घालवलं, आणि दुष्काळात आईवडील दोघंही उपासमारीने गेले. लेकीने 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पण त्यानंतरही आठएक वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असं त्यांनी 1907 च्या आपल्या साक्षीत प्रांजळपणे मांडलं आहे. आपल्या लायकीने काही होणार नाही, हे मनाला पटलं तेव्हा कुठे त्यांना शांती मिळाली.

आणि रमाबाईंचं केडगावचं मुक्ती मिशन त्याच्या नंतरचं आहे. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि विधवा आणून त्यांनी तिथे वसवल्या. तारण आधीच मिळालं आहे या विश्वासाने बाई हात आखडून बसल्या नाहीत, उलट आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम त्यानंतर उभं राहिलं. हडपसर स्टेशनावरून दौंडकडे जाणारी लोकल केडगावला थांबते. यात्रेच्या बसगाड्या भरून पाठवणाऱ्यांनी एकदा तिथेही जाऊन यावं.

आमच्या मंडळींनाही हे सांगायला हवं. चर्चमधल्या बाकांवर आणि पंख्यांवर देणगीदारांची नावं मला आवडत नाहीत. देणगी दिली की आशीर्वाद दुपटीने परत येतो, असं व्यासपीठावरून सांगणारे प्रचारक तर त्याहून नाहीत. वधस्तंभाखाली उभं राहून व्याजाचा हिशेब करायचा नसतो.

मग फसवलेल्यांचं काय? बायबलमध्ये जक्कय नावाचा मुख्य जकातदार आहे. लोकांना नाडून गबर झालेला. येशू त्याच्या घरी उतरला, तेव्हा त्याच्या खात्यावर एकही सत्कृत्य जमा नव्हतं. त्यानंतर तो आपण होऊन उठला आणि म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला फसवलं त्याला चौपट परत करतो. अर्धी मालमत्ता दान केली म्हणून फसवलेल्यांचं देणं त्याने बुडवलं नाही.

येशूशेजारी वधस्तंभावर टांगलेल्या चोराला तेवढी सवड मिळाली नाही. त्याला खाली उतरून कुणाचं काही परत करता आलं नाही आणि तरीही त्याला सुखलोकाचं वचन मिळालं. आमच्या या सत्कारमूर्तींना जामीन मिळाला आहे, म्हणजे सवडही मिळाली आहे. तक्रार खरी असेल, तर चौपट राहू द्या, मुद्दल तरी द्या. तिघांचे पत्ते साठेखतांवर आहेतच.