दोरशिडीवरचा विश्वास

मुंबई असो की रॉटरडॅम, मोठे जहाज बंदरात शिरण्यापूर्वी त्याला वाट दाखवणारा तिथला पायलट समुद्रातच त्यावर चढतो. जहाज थांबत नाही. ते वेग कमी करते आणि पायलटाला आणणाऱ्या लाँचला वाऱ्यालाटांपासून आडोसा मिळेल अशी बाजू देते. लाँच लाटेच्या माथ्यावर आली की पायलट दोरशिडी धरतो, कारण लाट ओसरलेली असताना धरली तर पुढच्या लाटेबरोबर उसळणारी लाँच त्याचे पाय चिरडू शकते. ती शिडी वर डेकवर कशाला आणि कशी बांधली आहे हे त्याला खालून दिसत नाही. बांधणारा खलाशी रत्नागिरीचा असेल नाहीतर फिलिपिन्सचा. दोघांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नसते. न पाहिलेल्या माणसाने मारलेल्या, न दिसणाऱ्या गाठीवर जीव टाकायचा तो ज्ञानाच्या आधारावर की श्रद्धेच्या? माझे म्हणणे असे की हा विश्वास रास्त आहे, पण तो रास्त ठरवण्याचे ओझे चढणाऱ्यापेक्षा बांधणाऱ्यावर अधिक आहे. आणि चढणाऱ्याला नकार देता येत असेल तरच तो विश्वास म्हणवून घेण्याच्या लायकीचा राहतो.

आपल्याकडच्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या तत्त्वज्ञांनी, दुसऱ्याच्या शब्दाला स्वतंत्र प्रमाण मानले, पण अट घातली: सांगणारा आप्त हवा. न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याच्या मते आप्त म्हणजे ज्याला गोष्ट प्रत्यक्ष माहीत आहे आणि ती जशी आहे तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे. विलक्षण गोष्ट ही की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांना सारखेच लागू आहे असे त्याने स्पष्ट म्हटले. कुळ, धर्म, भाषा यांना तिथे जागा नाही. कठड्यावरून सोडलेली शिडी हेही एक विधानच आहे: ‘चढा, ही तुमचे वजन पेलेल.’ ते खरे ठरण्यासाठी काय लागते हे सोलास या आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षा कराराच्या पाचव्या प्रकरणातला २३ वा नियम आणि त्याला जोडलेली मानके सांगतात. बाजूचे दोर किमान १८ मिलिमीटर जाडीचे आणि मध्ये जोड नसलेले, पायऱ्यांमधले अंतर ३१० ते ३५० मिलिमीटर, खालच्या चार पायऱ्या रबराच्या, शिडी पिळू नये म्हणून ठरावीक अंतरावर किमान १.८ मीटर लांबीच्या आडव्या फळ्या. चढ ९ मीटरपेक्षा जास्त असेल तर दोरशिडीला जहाजाच्या बाजूच्या जिन्याची जोड द्यावी लागते. शिडी लावताना जबाबदार अधिकाऱ्याची देखरेख हवी. नीट पाहिले तर या आकड्यांत वात्स्यायनाच्या दोन्ही अटी आहेत: बांधणाऱ्याला माहिती हवी, आणि फसवायचे नाही ही नियत हवी.

पश्चिमेत हा वाद जहाजावरूनच पेटला. इंग्रज विचारवंत विल्यम क्लिफर्डने १८७७ साली एका जहाजमालकाचे उदाहरण रचले. जुनाट जहाजाबद्दलच्या शंका दडपून, ते सुखरूप जाईल अशी मनाची समजूत घालून तो ते स्थलांतरितांसह समुद्रात पाठवतो. जहाज बुडाले नसते तरी तो दोषीच, असे क्लिफर्डचे म्हणणे. कारण समोरच्या पुराव्यावर तसे मानण्याचा त्याला हक्कच नव्हता. अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्सने १८९६ मध्ये उत्तर दिले की काही बाबतींत आधी विश्वास ठेवल्यावरच सत्य हाती येते. डोंगरात अडकलेल्या माणसाला आपण उडी मारू शकू असे वाटले तर तो ती मारतो, हे त्याचे आवडते उदाहरण. जेम्सचे बरोबर आहे, पण एका मर्यादेपर्यंत. पायलटाच्या आत्मविश्वासाने त्याची पकड घट्ट होईल, कुजलेला मनिला दोर घट्ट होणार नाही. श्रद्धेचे बळ श्रद्धाळूच्या अंगी येते. ज्याच्यावर श्रद्धा ठेवली त्याच्या अंगी ते आपोआप येत नाही. श्रद्धेचे गोडवे गाणारे इथेच गफलत करतात, आणि तिची किंमत बहुधा चढणाऱ्याला मोजावी लागते.

यावर कोणी म्हणेल, प्रमाणपत्र आहे, तपासणी आहे, मग विश्वासाचा प्रश्न उरतोच कुठे? आंतरराष्ट्रीय पायलट संघटना दरवर्षी पाहणी करते, आणि नियमात न बसणाऱ्या शिड्या तीत वर्षानुवर्षे मोठ्या प्रमाणात सापडत आल्या आहेत. डिसेंबर २०१९ मध्ये न्यूयॉर्क बंदराच्या तोंडाशी एक अनुभवी पायलट कंटेनर जहाजावर चढताना पडून मरण पावला. तिथे दोरशिडी जिन्याच्या फलाटातल्या झडपेशी जोडलेली होती, आणि अशा रचनेत शिडीवरून फलाटावर जाताना हाताला नीट आधार मिळत नाही ही तक्रार पायलट आधीपासून करत होते. प्रमाणपत्राचा कागद, शिडी बनली त्या दिवसाबद्दल बोलतो. ऊन, खारे पाणी आणि डेकवरची रसायने दोराला आतून खातात, त्याबद्दल तो गप्प असतो. आजच्या शिडीबद्दल आजचा माणूसच बोलू शकतो.

मग पायलटाने प्रत्येक शिडीवर संशय घ्यायचा का? घेतच राहिला तर एकही जहाज बंदरात येणार नाही. नैयायिक उदयनाचार्यांनी याला उत्तर देऊन ठेवले आहे: संशय तिथवरच चालतो, जिथे तो स्वतःच्याच वागण्याशी विसंगत होत नाही. भूक भागेल की नाही असे म्हणत जेवायला बसणाऱ्याचा संशय खरा नाही. पायलटही अनंत संशय घेत नाही. दोर तुटके दिसतात का, पायऱ्या आडव्या आहेत का, आडव्या फळ्या जागेवर आहेत का, शिडी जहाजाच्या बाजूला टेकली आहे का, एवढे तो पाहतो. खटकले तर चढत नाही आणि शिडी नीट लावायला सांगतो. त्या नकाराने जहाज अडते, मालकाचे पैसे जातात, कप्तान चिडतो. तरी तो नकार अविश्वास नाही. उलट त्यामुळेच पुढच्या शिडीवर त्याला निश्चिंतपणे पाय ठेवता येतो.

खरा अवघड आक्षेप धार्मिक माणसाचा आहे. ईश्वर म्हणजे दोर नव्हे, तिथे तपासणी कसली, असे तो विचारेल. मला हा आक्षेप मान्य आहे. परमेश्वरावरच्या श्रद्धेला मिलिमीटरची पट्टी लावण्याचा माझा हेतू नाही. पण ती श्रद्धा बहुतेकांपर्यंत माणसांच्या हातून येते: गुरू, मठ, विश्वस्त, प्रवचनकार. हे सगळे डेकवर उभे आहेत आणि शिडी त्यांनी बांधली आहे. श्रद्धा आणि अंधश्रद्धा यांवरचा महाराष्ट्रातला वाद बहुतेकदा भक्ताच्या डोक्यात काय चालते याभोवती फिरतो, आणि भक्ताचीच झडती घेतो. मला आधी वरच्या माणसाला विचारावेसे वाटते: गाठ तू स्वतः पाहिलीस का, जे माहीत नाही ते माहीत असल्यासारखे सांगितलेस का, आणि खालचा माणूस चढायला नाही म्हणाला, तर त्याला पापी न ठरवता तू शिडी पुन्हा बांधशील का?