व्यसनमुक्तीचा निधी आणि माणसाची अब्रू

अमली पदार्थांच्या सेवनाविरुद्धचा दिवस म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९८७ साली २६ जून ही तारीख ठरवली. तेव्हापासून इतर गावांप्रमाणे साताऱ्यात आणि सांगलीतही या सुमारास फेऱ्या निघतात. शाळेची मुले हाती फलक घेतात, घोषणा देतात, एखादे भाषण होते आणि दहा वाजेपर्यंत रस्ता मोकळा होतो. या फेरीने कोणाचे नुकसान होत नाही. पण व्यसनातून बाहेर पडू पाहणाऱ्या माणसाच्या पदरातही काही पडत नाही. परदेशात आणि आता आपल्या मोठ्या शहरांत दुसरी एक पद्धत रूढ झाली आहे. चालणारा प्रत्येक जण आपल्या आप्तेष्टांकडून किलोमीटरमागे काही रक्कम कबूल करून घेतो आणि जमलेला निधी उपचारासाठी दिला जातो. आपल्या मोहल्ल्यांतून, मशिदींच्या जमातींतून अशी फेरी काढायची झाल्यास काही प्रश्न उभे राहतात. पावतीपुस्तक छापण्याआधी त्यांचा निकाल लागलेला बरा.

गरज किती आहे, हे सांगलीकरांना वेगळे सांगायला नको. २०२४ च्या फेब्रुवारीत कुपवाडला, मार्चमध्ये कवठेमहांकाळ तालुक्यातील इरळीत आणि २०२५ च्या जानेवारीत विट्याजवळच्या कार्वे औद्योगिक वसाहतीत पोलिसांनी मेफेड्रोनचे कोट्यवधी रुपयांचे साठे पकडले. मुले ज्याला ‘एमडी’ म्हणतात तेच हे मेफेड्रोन. ते मुंबईचे दुखणे आहे, अशी आपली समजूत होती. दारू आणि मावा हे तर त्याहून जुने दुखणे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. तो कोणत्या टपरीवर मिळतो, हे मात्र सहावीतले मूलही सांगू शकते.

पहिला प्रश्न देणाऱ्याच्या मनात असतो. तो उघडपणे क्वचितच विचारला जातो. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेले आणि अर्धी सांगली पाण्याखाली आली. त्या वेळी भाकरी, कपडे, औषधे यांचा ओघ लागला. मशिदी आणि मदरसे उघडले गेले. नदीच्या इतक्या जवळ घर का बांधले, असे पूरग्रस्ताला कोणी विचारले नाही. व्यसनी माणसासाठी हात पुढे केला की हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत लगेच येतो: त्याने स्वतःच्या हाताने ओढवून घेतलेल्या संकटाला आम्ही पैसे का द्यावेत? आमचा सदका उद्या पुन्हा बाटलीत जाणार नाही कशावरून?

ही शंका चुकीची आहे, असे म्हणून ती झटकून टाकता येत नाही. ज्यांनी घरात एखादा भाऊ किंवा दीर पाहिला आहे, ज्यांच्या भांड्याकुंड्यांना पाय फुटले आहेत, त्यांना ती अनुभवातून आलेली असते. परंतु बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आलेली एक हदीस नेमकी याच शंकेविषयी आहे. एक मनुष्य रात्री गुपचूप सदका देण्यास निघतो. अंधारात पहिल्या रात्री तो चोराच्या हाती पडतो, दुसऱ्या रात्री बदचलन स्त्रीच्या आणि तिसऱ्या रात्री श्रीमंताच्या. सकाळी लोक बोलू लागतात. मनुष्य मात्र प्रत्येक वेळी अल्लाहची स्तुती करतो. अखेर त्याला सांगितले जाते की, कदाचित त्या चोराला तुझ्या सदक्यामुळे चोरीपासून दूर राहणे शक्य होईल, कदाचित ती स्त्री आपला मार्ग सोडेल आणि कदाचित तो श्रीमंत धडा घेऊन स्वतः खर्च करू लागेल. येथे ‘कदाचित’ हा शब्द महत्त्वाचा आहे. कोणतीही हमी दिलेली नाही, तरी दान वाया गेलेले नाही. व्यसनमुक्तीचे काम करणाऱ्या कोणालाही विचारा; तो याच एका शब्दाच्या आधारावर रोज सकाळी दार उघडतो.

दिव्य कुरआनातील सूरह अल-बकराची २१९ वी आयत आपण मद्यनिषेधाच्या तीन टप्प्यांपैकी एक म्हणून ओळखतो. मद्य आणि जुगार यांत लोकांसाठी काही फायदेही आहेत, पण त्यांचे पाप फायद्यापेक्षा मोठे आहे, असे तेथे सांगितले आहे. पुढे याच आयतीत एक दुसरा प्रश्न येतो, आणि वाचताना तो बहुधा निसटून जातो. लोक प्रेषितांना (स.) विचारतात, आम्ही काय खर्च करावे? उत्तर मिळते, ‘अफ्व’ म्हणजे गरजा भागवून जे उरेल ते. नशा, जुगार आणि दान हे तीन विषय एकाच आयतीत आले आहेत. व्यसनमुक्तीच्या निधीचा हिशेब मांडायला बसणाऱ्याने ती तिन्ही टोके एकदम हाती धरली पाहिजेत.

जुगाराचे टोक प्रथम घेऊ. निधी जमवण्याची सोपी वाट म्हणून लकी ड्रॉचे कूपन विकले जाते. दहा रुपयांना एक, बक्षीस म्हणून दुचाकी. भाष्यकारांनी अज्ञानकाळातील अरबांचा ‘मैसिर’ कसा चाले, हे लिहून ठेवले आहे. उंट कापला जाई, त्याच्या मांसाचे वाटे बाणांच्या सोडतीने ठरत, किंमत हरणाऱ्यांवर पडे, आणि जिंकणारे ते मांस स्वतः न खाता गोरगरिबांत वाटून टाकीत व त्याचा गर्व मिरवीत. जो या खेळात उतरत नसे, त्याला कंजूष म्हणून हिणवले जाई. थोडक्यात, ज्या जुगाराला कुरआनने पाप म्हटले, तो गरिबांसाठी खेळला जाणारा जुगारही होता. हे वाचल्यानंतर व्यसनमुक्तीसाठी सोडत काढण्याचे समर्थन कसे करता येईल, हे मला कळत नाही. जुगारही व्यसनच आहे, ही गोष्ट तर वेगळीच.

मद्याचे टोक आपल्या भागात अधिक गुंतागुंतीचे आहे. सांगली-सातारा हा उसाचा मुलूख. ऊस गाळला की मळी उरते आणि मळीपासून मद्यार्क निघतो. तो पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठीही जातो आणि देशी दारूच्या बाटलीतही. तासगावची द्राक्षे बेदाणा होऊन घरोघर शिरखुर्म्यात पडतात. द्राक्षांचीच वाईनही होते. खजूर आणि द्राक्षे यांच्यापासून नशाही निघते आणि उत्तम आहारही, याकडे सूरह अन-नहलच्या ६७ व्या आयतीने लक्ष वेधले आहे. जणू ती आपल्याच शिवाराकडे पाहून उतरली असावी! तेव्हा ऊस पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या बिलातून आलेली वर्गणी संशयित ठरवणे अन्यायाचे होईल. पण ज्याचा धंदाच पिण्याच्या दारूचा आहे, त्याचे नाव फेरीच्या कमानीवर झळकावून त्याची रक्कम घेणे ही वेगळी बाब आहे. अल्लाह पाक आहे आणि तो पाक तेवढेच स्वीकारतो, अशी हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. कमानीवरचे नाव हे दान नसते, ती खरेदी असते. त्याला हवी असलेली प्रतिष्ठा आपण त्याला विकतो, आणि तीही ज्यांना त्याच्या मालाने उद्ध्वस्त केले त्यांच्या नावावर. एखादा परमिट रूमचा मालक मनात काही हलले म्हणून एकटा, गुपचूप येऊन भेटला, तर त्याला हाकलून देऊ नये. हराम कमाईतून सुटू पाहणाऱ्याने ती पुण्याची आशा न धरता गरजूंना देऊन टाकावी, असे उलमांनी म्हटले आहे. त्याच्याशी बोलावे, त्याच्यासाठी दुआ करावी. नाव मात्र कोठेही छापू नये. आणि हाच नियम आपल्याच मोहल्ल्यातील मावा घोटणाऱ्या टपरीलाही लावावा. तिचा मालक जुम्याला पहिल्या सफेत असतो म्हणून मावा औषध ठरत नाही.

जकातीविषयी थोडक्यात सांगायचे तर, ती मंडप, ध्वनिक्षेपक आणि टी-शर्ट यांवर खर्च होऊ शकत नाही. हनफी फिक्हप्रमाणे ती पात्र व्यक्तीच्या मालकीत जावी लागते. फेरीचा खर्च सदक्यातून करावा, जकातीचा हिशेब निराळा ठेवावा आणि रुग्णाच्या उपचाराचे पैसे जकातीतून कसे द्यावेत, हे आपल्या आलिमांना विचारून ठरवावे. सूरह अत-तौबाच्या ६० व्या आयतीतील आठ हक्कदारांत कर्जबाजारीही आहेत. पापासाठी काढलेल्या कर्जाच्या बाबतीत अनेक फकीहांनी तौबाची अट घातली आहे. परंतु नवरा पिऊन पडलेला असताना मुलांच्या दुधासाठी आणि फीसाठी बायकोने केलेल्या उसनवारीला ती अट कशी लागेल?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. लोक पैसे केव्हा देतात? डोळ्यांना काही दिसले की. त्यामुळे निधी जमवणाऱ्याला चेहरा लागतो. एखाद्या तरुणाला मंचावर उभे करायचे, त्याने आईचे दागिने कसे विकले ते त्याच्याच तोंडून वदवायचे, खाली बसलेल्या आईच्या डोळ्यांत पाणी आले की मोबाइल वर करायचे. संध्याकाळपर्यंत ते चित्रण सर्व समूहांवर फिरते आणि रक्कम खरोखरच वाढते. ही पद्धत परिणामकारक आहे, हे मान्य करूनच विचार केला पाहिजे. प्रश्न असा की, या निधीत सर्वांत मोठी वर्गणी कोणी दिली? आपण पाचशे रुपये दिले. त्या तरुणाने आपली अब्रू दिली, आणि ती परत मिळवण्याची कोणतीही सोय नाही. त्याच्या बहिणीचे लग्न ठरताना ते चित्रण पुन्हा कोणाच्या तरी मोबाइलवर उघडेल.

सूरह अल-बकराची २७१ वी आयत उघड दानाला चांगले म्हणते आणि गरजूला गुपचूप दिलेल्या दानाला अधिक चांगले. आपण तिचा विचार देणाऱ्याच्या बाजूने करतो, त्याच्यात दिखावा येऊ नये म्हणून. घेणाऱ्याच्या बाजूने पाहिल्यास गुपचूप दिलेले दान त्याला झाकून ठेवते. जो एखाद्या मुस्लिमाचा दोष झाकतो, त्याचा दोष अल्लाह झाकील, हे प्रेषितवचन आपल्याला ठाऊक आहे. याखेरीज, अल्लाहने झाकलेले पाप जो स्वतः उघड करतो त्याच्याविषयीही बुखारी व मुस्लिममध्ये कडक इशारा आहे. मग एखाद्याचे झाकलेले पाप निधीसाठी त्याच्याकडून उघड करून घेणाऱ्या आयोजकाची जागा कोणती? मद्यपानाबद्दल पुन्हा पुन्हा शिक्षा झालेल्या अब्दुल्लाह नावाच्या मनुष्याला कोणी शाप दिला, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याला अडवले आणि तो अल्लाह व त्याच्या प्रेषितावर प्रेम करणारा आहे, असे सांगितले. शामचा एक माणूस दारूच्या नादी लागल्याचे कळल्यावर ह. उमर (रजि.) यांनी त्याला एक पत्र लिहिले, त्यात अल्लाहच्या क्षमाशीलतेची आठवण दिली आणि आपल्या साथीदारांना त्याच्यासाठी दुआ करायला सांगितले. इब्ने कसीर यांनी सूरह अल-मोमिनच्या भाष्यात ही हकिकत दिली आहे. तो माणूस पत्र पुन्हा पुन्हा वाचून रडला आणि त्याने दारू सोडली. खलिफांच्या हाती मिंबर होता, तरी त्यांनी पत्र निवडले.

बाहेरच्या जगातही हेच शहाणपण आढळते. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ या संघटनेच्या नावातच निनावीपण आहे. तेथे माणसे आपली कहाणी सांगतात, पण आपल्यासारख्यांच्या वर्तुळात. बाहेरच्यांची देणगी घ्यायची नाही, असाही त्यांचा दंडक आहे. पुण्यात १९८६ साली ‘मुक्तांगण’ उभे राहिले, त्यामागे डॉ. अनिल अवचट यांची गर्दच्या व्यसनावरील लेखमाला आणि ती वाचून पुढे आलेल्या पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांची मदत होती. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ‘परिवर्तन’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभे केले. श्रद्धेच्या प्रश्नांवर त्यांच्या विचारांशी आपले मूलभूत मतभेद आहेत आणि ते राहतील. तरीही भलाईच्या कामात परस्परांना सहकार्य करा, ही सूरह अल-माइदाची आज्ञा आपल्यावर लागू आहे. त्यांच्या चळवळीची ‘चला, व्यसनाला बदनाम करू या’ ही हाक मला महत्त्वाची वाटते. बदनामी व्यसनाची करायची, व्यसनीची नाही.

मंचाविषयी इतके आक्षेप घेतल्यावर फेरीविषयी काय म्हणावे? माझ्या मते फेरी हा मंचापेक्षा कितीतरी चांगला मार्ग आहे, आणि त्याचे कारण तिच्या रचनेतच आहे. साताऱ्यात पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत किंवा सांगलीतून मिरजेकडे तीनशे माणसे एकत्र चालली, तर त्यांतला रुग्ण कोण, त्याचा भाऊ कोण, डॉक्टर कोण आणि नुसता वर्गणीदार कोण, हे रस्त्यावरच्या माणसाला कळत नाही. नमाजच्या सफेत कळत नाही, तसेच. बरा होऊ पाहणारा माणूस वर्षानुवर्षे एकटा चाललेला असतो; येथे त्याला न विचारता, न ओळखता सोबत मिळते. ही सोबत टिकवायची असेल, तर बऱ्या झालेल्यांची वेगळी रांग नको, वेगळ्या रंगाचा शर्ट नको, शेवटी त्यांचा सत्कारही नको. स्वतः होऊन कोणी बोलू इच्छीत असेल, तर त्याला आठवडाभर विचार करू द्यावा, घरच्यांना विचारू द्यावे आणि चित्रण करू नये.

शपथांचा कार्यक्रमही मला टाळावासा वाटतो. आपल्या घरांत व्यसनी माणसाला कुरआनवर हात ठेवून कसम घ्यायला लावण्याची रीत आहे. कसम मोडली की तो पिण्याच्या अपराधात कफ्फाऱ्याचा बोजा आणि निराशाही घेऊन परत बाटलीकडे जातो. शिवाय फार काळ भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली, तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकते. त्याला कसमेपेक्षा आधी डॉक्टर हवा. केंद्र सरकारची १४४४६ ही निःशुल्क मदतवाहिनी आहे. फेरीच्या पत्रकावर प्रायोजकांच्या यादीच्या जागी तो क्रमांक मोठ्या अक्षरांत छापता येईल.

राहता राहिला हिशेब. वर्गणीदाराला प्रत्येक रुपयाचा जाब विचारण्याचा हक्क आहे आणि रुग्णाला आपले नाव गुप्त राखण्याचा. दोन्ही सांभाळणे अवघड नाही. रक्कम उपचार केंद्राच्या नावे धनादेशाने द्यावी, केंद्राने नावाऐवजी नोंदणी क्रमांक घातलेली पावती द्यावी, आणि मूळ यादी विश्वस्तांपैकी दोघांनी, त्यांतही एक दुसऱ्या गावचा असल्यास उत्तम, पाहून सही करावी. जमाखर्च जुम्याच्या दिवशी मशिदीच्या फलकावर लावावा. त्यात किती जणांना मदत झाली, एवढा आकडा असावा.