‘येतो’ म्हणण्याचा अधिकार

घरातून निघणाऱ्याने ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावे, ही मराठी घरातली फार जुनी शिकवण आहे. ‘जातो’ हा शब्द चुकून तोंडून निसटलाच तर थोरली माणसे तो तिथल्या तिथे दुरुस्त करून घेतात. उंबऱ्यात उभा असलेलाही ‘जा’ म्हणत नाही, ‘या’ म्हणतो. यामागे अपशकुनाची भीती आहे हे उघड आहे; पण एवढ्यावर थांबलो तर त्या शब्दावर अन्याय होईल. ‘येतो’ हे व्याकरणदृष्ट्या एक विधान आहे, आणि विधान म्हटले की ते खरे की खोटे हा प्रश्न आलाच. बाजाराला निघालेल्या माणसाच्या बाबतीत तो कोणी विचारीत नाही. परंतु ज्याचे पुन्हा येणे जवळजवळ असंभवनीय आहे, आणि हे निघणाऱ्याला व पोचवायला आलेल्याला, दोघांनाही पुरते ठाऊक आहे, त्याने ‘येतो’ म्हणावे काय?

हा प्रश्न दरवर्षी चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांपुढे उभा राहतो. १९८५-८६ साली प्रायोगिक स्वरूपात दोन नवोदय विद्यालये सुरू झाली, एक हरियाणात झज्जर येथे आणि दुसरे महाराष्ट्रात अमरावती येथे. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर अशी विद्यालये देशभर निघाली. मुख्यतः ग्रामीण मुलांसाठी असलेल्या या निवासी शाळांत एक लक्षणीय योजना आहे. नववीच्या वर्गातील सुमारे तीस टक्के मुले एका वर्षासाठी हिंदी भाषक प्रदेशातून अहिंदी प्रदेशातील विद्यालयात जातात आणि तेथली मुले इकडे येतात. पानिपत जिल्ह्यातही असे विद्यालय आहे. एखाद्या मराठी जिल्ह्यातले मूल पानिपतला वर्षभर राहिले, असे विवेचनापुरते धरून चालू.

याला परदेशगमन म्हणावे काय, अशी शंका कोणी घेईल. पेशवाईच्या मराठीत उत्तरेकडच्या मुलखाला ‘हिंदुस्थान’ म्हणत आणि तिकडून आलेल्या माणसाला ‘परदेशी’. ते आडनाव आजही आपल्याकडे नांदते आहे. भाताऐवजी रोटी, जानेवारीतले धुके, हाडात शिरणारी थंडी आणि भोवती सतत दुसरी भाषा, एवढे सगळे असताना पारपत्र लागले नाही म्हणून ते परदेश नव्हे असे म्हणणे हा केवळ कचेरीतला विचार झाला.

त्यातून ते गाव पानिपत. मराठी मनात हे नाव गावाचे राहिलेलेच नाही. ते एका घटनेचे, किंबहुना एका क्रियापदाचे नाव झाले आहे. ‘त्याचे पानिपत झाले’ असे आपण परीक्षेपासून निवडणुकीपर्यंत कशालाही म्हणतो. १७६० च्या मार्चमध्ये सदाशिवरावभाऊंची फौज दक्षिणेतून निघाली, तेव्हा तिच्याबरोबर बायकामुले आणि यात्रेकरूही होते. त्या सर्वांनी निघताना ‘येतो’ असेच म्हटले असणार. १४ जानेवारी १७६१ च्या संध्याकाळपर्यंत त्यांच्यातल्या असंख्यांचे ते शब्द खोटे ठरले. तथापि त्यांना खोटारडे म्हणावे असे आपल्या कोणाच्याही मनात येत नाही. विधान खोटे ठरूनही बोलणारा खोटा ठरत नाही, असा हा चमत्कारिक शब्द आहे.

पानिपताने मराठीला निरोपाविषयी आणखी एक गोष्ट शिकविली. आपल्या भाषेत ‘निरोप’ या शब्दाला दोन अर्थ आहेत, निघतानाची रजा आणि दुसऱ्याकरवी पाठविलेला सांगावा. पानिपतचा सांगावा नानासाहेब पेशव्यांना वाटेत मिळाला तो सावकारी पत्रातून, मोती, मोहरा आणि खुर्दा यांच्या सांकेतिक भाषेत. सांगावा आला, रजा मात्र कोणी कोणाची घेतलेली नव्हती. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई रणांगणातून परतल्या, पण पती गेला हे त्यांनी मानले नाही आणि वैधव्याची चिन्हेही स्वीकारली नाहीत. पुढे भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला, त्याच्यामागे माणसे गेली, आणि १७७६ मध्ये त्याला देहान्त शिक्षा होईपर्यंत हे प्रकरण चालले. इतिहासकार त्याची राजकीय कारणे सांगतात, आणि ती आहेतच. मला मात्र वाटते की, जिथे रीतसर निरोप झालेला नसतो तिथे तोतयाला जागा मिळते. गेलेल्याची जागा ना भरलेली असते, ना रिकामी झालेली.

म्हणून निरोप ही केवळ भावनेची बाब नाही. ती एक व्यवस्था आहे. काय संपले आणि काय शिल्लक आहे याचा हिशेब दोघांनी समोरासमोर करण्याची. पानिपतहून परतणाऱ्या मुलाला तशी संधी मिळते. येथे आल्या दिवसापासून त्याला जाण्याचा महिना ठाऊक असतो. यावर एक कठोर आक्षेप घेता येतो, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. ज्या वयात जीव पटकन जडतो त्या वयात मुलांना एकत्र ठेवायचे, आणि जीव जडल्यावर ठरल्या तारखेला वेगळे करायचे, हा अधिकार संस्थेला कोणी दिला? मोठी माणसे बदली स्वीकारतात ती पगाराच्या मोबदल्यात. मुलाला काय मिळते?

आपल्या परंपरेत यावर एक तयार उत्तर आहे. महासागरात दोन ओंडके जवळ येतात आणि लाटेसरशी दुरावतात, तसाच प्राण्यांचा समागम, ही महाभारतातली उपमा मराठी माणसाला तोंडपाठ आहे. सांत्वनासाठी ती उत्तम. युक्तिवाद म्हणून लंगडी. ओंडके एकमेकांना शब्द शिकवीत नाहीत. मराठी मुलाला हरियाणवी बोलीतला खडा ठसका ज्या मित्राने शिकविला, त्याचा आवाज त्या शब्दांत कायमचा मिसळलेला असतो. लाट दोघांना वेगळे करते, पण दोघेही पूर्वीचे राहिलेले नसतात. शाकुंतलाच्या चौथ्या अंकातील कण्व मला अधिक प्रामाणिक वाटतात. ते वनवासी, विरक्त. तरी मुलगी निघताना त्यांचा कंठ दाटतो आणि ते तो लपवीत नाहीत. जिवलगाला पाण्याच्या काठापर्यंतच पोचवावे, हा संकेत मात्र ते पाळतात. दुःखाला मज्जाव नाही, पण हद्द आहे.

आता पुन्हा ‘येतो’कडे वळू. हिंदी भाषक निघताना ‘चलता हूँ’ म्हणतो. त्यात पुन्हा येण्याचे काहीच नाही. आहे ते फक्त पाऊल उचलणे. मराठी मूल आपला ‘येतो’ तिथे शब्दशः नेऊन ‘आता हूँ’ म्हणाले, तर ऐकणारा समजेल की हा आत्ता परत येतो आहे, आणि थांबून राहील. एका भाषेतला शिष्टाचार दुसरीत वचन होऊन बसतो. वर्षभरात हा फरक मुलाला कळलेला असतो. दोन भाषांच्या मधल्या या फटीतच त्या शब्दाचा खरा अर्थ दिसतो. ‘येतो’ हे भविष्याविषयीचे विधान नव्हे; मला येथे येण्याचा हक्क उरला आहे, एवढेच निघणारा सांगतो, आणि ‘या’ म्हणणारा तो हक्क मान्य करतो. मग तो प्रत्यक्ष येवो वा न येवो, दार कोणाच्या नावाने उघडे आहे हे ठरलेले असते. म्हणूनच रणात पडलेल्यांचा ‘येतो’ आपण खोटा मानीत नाही.

हा हक्क हिरावलाही जातो, आणि तेही पानिपतानेच पाहिले आहे. उर्दू कवी ख्वाजा अल्ताफ हुसेन हाली (१८३७–१९१४) याच गावचे. बू अली शाह कलंदर यांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. १९४७ मध्ये या गावातील मुसलमान कुटुंबे मोठ्या संख्येने पाकिस्तानात गेली आणि पश्चिम पंजाबातून उजाडलेली माणसे येथे आली. हातमागाचे, घोंगड्यांचे आजचे पानिपत या आलेल्यांनी पुढे पुष्कळसे घडविले. गेलेल्यांनी निघताना आपल्या भाषेत काय म्हटले असेल कोण जाणे. पण ते काहीही म्हणाले असते तरी ‘या’ म्हणण्याचा अधिकार शेजाऱ्याच्या हातून सरकारच्या हाती गेला होता. हालींच्याच कुळातले, १९१४ मध्ये पानिपतला जन्मलेले ख्वाजा अहमद अब्बास त्याआधीच मुंबईत पत्रकार म्हणून स्थिरावले होते. ते मुंबईचेच झाले आणि १९८७ मध्ये तेथेच वारले. पानिपत आणि महाराष्ट्र यांच्यामधली वाट केवळ फौजांची नाही, हे अशा वेळी आठवणे बरे.

या पार्श्वभूमीवर आजच्या मुलांच्या निरोपात मला खटकते ते वेगळेच. मुलांच्या अश्रूंचा आपण पुरावा करतो. निरोपसमारंभ झाला की त्यात भाषणे आली, भाषणांत राष्ट्रीय एकात्मता आली, आणि रडणाऱ्या मुलांकडे बोट दाखवून योजना यशस्वी झाल्याचे सांगणे आले. साने गुरुजींनी आंतरभारतीची कल्पना मांडली, तेव्हा प्रांताप्रांतांच्या माणसांनी एकमेकांची भाषा शिकावी, एकमेकांच्या सहवासात राहावे, एवढी साधी आणि तेवढीच अवघड अपेक्षा तिच्यामागे होती. एका मुलाचे दुसऱ्या मुलावर प्रेम बसले, तर ते त्या मुलावर बसलेले असते, प्रांतावर नव्हे. त्याला प्रांताचे प्रतिनिधी करून टाकणे म्हणजे त्याचा मित्र त्याच्याकडून काढून घेण्यासारखे आहे.

तसेच ‘पत्र लिहीन’, ‘विसरणार नाही’ या शपथांचे. आता हातातल्या फोनमुळे पत्रांचा प्रश्न उरला नाही, तरी शपथा उरल्या आहेत. काही महिन्यांत बोलणे विरळ होते, दहावीची परीक्षा येते, आणि मूल मनाशी अपराधी होते. वस्तुतः अपराध काहीच नसतो. जन्मभराच्या मैत्रीची मागणी त्याच्याकडे आपण मोठ्यांनी केलेली असते. त्याने केवळ ‘येतो’ म्हटलेले असते.

या योजनेत एक गोष्ट मात्र अशी आहे की तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. मराठी मूल पानिपतला असते, त्याच वर्षी पानिपतचे मूल त्याच्या शाळेत, कदाचित त्याच्याच खाटेवर झोपत असते. एकाचे मित्र दुसऱ्याचे होतात. एकाने टाकून दिलेली भाषेची भीती दुसरा तिथेच टाकून येतो. वर्ष संपल्यावर दोघे आपापल्या जागी परततात, आणि एकमेकांविषयी ऐकतात ते तिसऱ्याच्या तोंडून. या दोघांची गाठ बहुधा कधीच पडत नाही, आणि त्यांच्यामधल्या निरोपाला आपल्या भाषेत अजून शब्द नाही.