आनुवंशिक रोग आणि अपत्यविचार

विवाह ठरवितांना आपण ३६ गुणांपैकीं किती जुळले हें मोजतों. परंतु घराण्यांत चालत आलेल्या रोगाविषयीं उभय पक्ष मौन पाळतात. या मौनाची किंमत पुढें कोणास द्यावी लागते, हें एका उदाहरणावरून पाहूं.

मूत्रपिंडांत पाण्याच्या असंख्य गाठी होऊन ते अवयव हळूहळू निकामी करणारा एक आनुवंशिक रोग आहे. त्याच्या नेहमीं आढळणाऱ्या प्रकारांत माता किंवा पिता यांपैकीं एकास तो असल्यास, प्रत्येक अपत्यास तो मिळण्याचा संभव निम्मा असतो. एक मूल निरोगी निघालें, म्हणून दुसऱ्याचा धोका वाढत वा घटत नाहीं. बहुधा तिशी-चाळिशीपर्यंत हा रोग गुप्त राहतो. कित्येकांस साठीच्या सुमारास डायलिसिसचा किंवा दुसऱ्याच्या मूत्रपिंडाचा आधार घ्यावा लागतो. कित्येकांस तो कधींच लागत नाहीं.

आतां असें समजा कीं, आपल्या पित्याचे असे हाल पाहिलेल्या एका तरुण शिक्षकास हाच रोग निघाला आहे, आणि पत्नीला मूल हवें आहे. "जाणूनबुजून दुःखाला जन्म देणें हें पाप नव्हे काय?" असें तो विचारतो. प्रश्न सदय आहे. पण त्याच्या पोटांत एक कठोर निर्णय दडलेला आहे. ज्या न्यायानें त्याचें मूल जन्मूं नये, त्याच न्यायानें तो स्वतःही जन्मावयास नको होता. त्याच्याशीं संसार थाटणारी पत्नी हें कधीं मान्य करील काय?

मग रोग टाळण्याचा यत्नच करूं नये काय? तसेंही नाहीं. शरीराबाहेर गर्भधारणा करून सदोष जनुक नसलेला गर्भ निवडतां येतो. भारतांत १९९४ च्या कायद्यानें लिंगनिवडीस बंदी केली. आनुवंशिक रोगाच्या तपासणीस मात्र नियमांच्या चौकटींत मुभा ठेविली. हा मार्ग खर्चाचा आहे, आणि त्यांतील शारीरिक कष्ट पत्नीसच सोसावे लागतात. कोणी म्हणेल, पायांतील कांटा काढणें निराळें आणि कांटा असलेला पायच नाकारणें निराळें. हा आक्षेप मला पूर्णपणें खोडतां येत नाहीं. म्हणूनच या बाबतींत तिऱ्हाइतानें निकाल देऊं नये. तो त्या दोघांचा अधिकार आहे.

कसोटी मात्र एक सुचवितां येईल. आज जें कारण आपण मनाशीं धरतों, तें मूल मोठें झाल्यावर त्यास तोंडावर सांगतां येईल काय? "आजोबांचे हाल तुझ्या वाट्यास येऊं नयेत असें आम्हांस वाटलें," हें सांगतां येतें. "हा रोग कदाचित् तुलाही येईल हें जाणून आम्हीं तुझी वाट पाहिली," हेंही सांगतां येतें. दत्तक घेतलेल्या मुलासही आपलें कारण सांगतां येतें. "लोक काय म्हणतील या भयानें तुझ्यापासून लपविलें," हें मात्र सांगतां येत नाहीं. कारण ज्यास वेळींच कळतें, तो तरुणपणींच रक्तदाब तपासून घेतो, तो आटोक्यांत ठेवितो, आणि स्वतःच्या विवाहापूर्वीं जोडीदारास सत्य सांगूं शकतो. मौन पाळणारे वडील त्याची ही संधीच हिरावून घेतात.